अंगणात आलेली शाळा

डहाणूजवळ कोसबादची टेकडी आहे. पावसाळा सरला की तिच्या उतारांवर गवत माजते आणि सकाळ झाली की वारली मुले गुरे घेऊन तिकडे जातात. ज्या वेळी शहरातील मुले दप्तर घेऊन शाळेची वाट धरीत, त्या वेळी या मुलांच्या हाती काठी असे. अशा मुलांना शिकवायचे तर कसे, हा प्रश्न ज्यांनी आपल्या उतारवयात आपणहून अंगावर घेतला, त्या ताराबाई मोडक होत.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. त्यांचे वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थनासमाजाचे कार्यकर्ते होते. आईचे नाव उमाबाई. मुलींना चार अक्षरे आली म्हणजे पुष्कळ झाले, असे मानण्याचा तो काळ. परंतु केळकरांच्या घरी मुलींनी शिकावे हे गृहीतच धरलेले होते. वडिलांचे छत्र लवकर हरपले, तरी ताराबाईंचे शिक्षण खंडले नाही. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मात्र तो संसार फार दिवस टिकला नाही. लहानग्या मुलीचा भार एकटीने उचलून त्या राजकोटला आल्या आणि तेथील स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयाच्या प्रमुख झाल्या. नोकरी मानाची होती, जन्माचे स्थैर्य देणारी होती. ती सोडण्याचे वरकरणी काहीच कारण नव्हते.

कारण घडले ते भावनगरच्या गिजुभाई बधेकांमुळे. गिजुभाई मूळचे वकील. पण स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता त्यांच्या हाती मारिया माँटेसरी या इटालियन विदुषीचे विचार आले आणि त्यांची वकिली सुटली. १९२० मध्ये त्यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले. मुलांवर त्यांची माया एवढी, की लोक त्यांना कौतुकाने मिशाळ आई म्हणत. १९२३ मध्ये ताराबाईंनी राजकोटची नोकरी सोडली व त्या गिजुभाईंना येऊन मिळाल्या.

या बालमंदिरात ताराबाईंनी जे पाहिले ते त्या काळच्या शाळांहून अगदी वेगळे होते. तेथे छडी नव्हती, सर्वांनी एकाच वेळी एकच धडा घोकणे नव्हते. लाकडाच्या एका ठोकळ्यात दहा खाचा आणि त्यांत बसणारे दहा गट्टू. कुणी जाड, कुणी बारीक. गट्टू चुकीच्या खाचेत पडला की शेवटी एक गट्टू हाती उरतो, तो कोठेच बसत नाही. आपली चूक मुलाला आपोआप उमगते. ती दाखवायला शिक्षकाने बोट उगारावे लागत नाही. एखादे मूल त्या एकाच खेळात अर्धा तास गढून जाई, तर दुसरे पाच मिनिटांत उठून पाणी ओतण्याच्या कामाकडे वळे. कुणी आधी बोलू लागे, कुणी महिनाभर नुसते पाहत राही. अशा पाहत राहणाऱ्या मुलाला पूर्वीच्या शाळेत मठ्ठ म्हणून मोकळे झाले असते. येथे शिक्षकाचे पहिले काम निरीक्षणाचे होते, शिकवणे त्यामागून येई.

१९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाच्या शिक्षणपत्रिकेतून ताराबाईंनी हे विचार मराठी आईबापांपर्यंत पोहोचवले. पुढे त्या मुंबईस आल्या आणि १९३६ मध्ये दादरला त्यांचे शिशुविहार सुरू झाले. शाळेचा लौकिक झाला, शिक्षिका तयार होऊ लागल्या. एखाद्याने येथे समाधान मानले असते. ताराबाईंच्या मनात मात्र एक शल्य होते. माँटेसरीबाईंनी १९०७ मध्ये रोम शहरात आपली पहिली बालशाळा काढली ती मजुरांच्या मुलांसाठी. आणि आपल्याकडे तीच पद्धत केवळ सुखवस्तू घरच्या मुलांची होऊन बसली होती. साधने महाग, फी अधिक. गरिबाचे मूल त्या दारात येणार कसे?

१९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई मुंबई सोडून समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या आणि तेथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ ही तरुण शिक्षिका त्यांच्याबरोबर आली. तेराव्या वर्षीच वैधव्य आलेल्या अनुताईंनी स्वतःच्या जिद्दीने शिक्षण घेतले होते. या दोघींची जोडी पुढे ताराबाईंच्या अखेरीपर्यंत टिकली.

बोर्डीस महागडी साधने परवडण्याजोगी नव्हती. मग शंखशिंपले, चिंचोके, चिकूच्या बिया, करवंट्या, बांबू, चिकणमाती आणि पानेफुले हीच साधने झाली. लहानमोठेपणा शिंपल्यांवरून कळतो आणि मोजणी चिंचोक्यांनीही होते. त्यासाठी परदेशी नमुन्याची पेटी लागत नाही. तथापि खरी अडचण साधनांची नव्हतीच. गावातील बऱ्या स्थितीतील मुले बालवाडीत येत. गरीब आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्त्यांतील मुले येत ना. त्यांना आणायला कुणाला सवड नव्हती, आणि मनात संकोचही होता. तेव्हा ताराबाई व अनुताई आपले सामान उचलून त्या वस्त्यांतच जाऊ लागल्या. एखादे अंगण झाडून घ्यावे, मुलांना न्हाऊ घालावे, केस विंचरावे, नखे कापावी आणि मग गाणी व गोष्टी सुरू कराव्या. आया दारातून पाहत. स्वच्छतेचा जो पाठ व्याख्यानाने दिला गेला नसता, तो त्यांना असा नकळत मिळे. या अंगणातल्या बालवाडीला अंगणवाडी हे नाव पडले.

१९५७ मध्ये हे कार्य कोसबादच्या टेकडीवर आले आणि तेथे परीक्षा अधिक कठीण झाली. सभोवती वारल्यांचे पाडे. सावकार व जमीनदार यांच्या वेठीखाली पिढ्यान् पिढ्या काढलेल्या या लोकांचा बाहेरच्या माणसावर विश्वास बसावा तरी कसा? शिवाय त्यांच्या घरी मूल हे कामाचे हात होते. मुलगा गुरे राखी, तर मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन दिवसभर वागवी. मुले शाळेत येत नाहीत म्हणजे त्यांना शिक्षणाची आवड नाही, असा निष्कर्ष काढणे सोपे होते, आणि पुष्कळांनी तो काढलाही असता. ताराबाईंनी तसे केले नाही. अडचण मुलात नसून शाळेच्या वेळेत आणि जागेत आहे, हे त्यांनी ओळखले. मग शिक्षकच गुरांमागे कुरणात जाऊ लागले. तीच कुरणशाळा! गुरे चरत असत आणि झाडाखाली धडा चाले. दगड व पाने हाताशीच होती. कुठल्या झाडाचा पाला गुरे खातात, कुठला टाळतात, हे तर मुलांनाच शिक्षकांहून अधिक ठाऊक! फळ्यापुढे तोंड न उघडणारा मुलगा तेथे मोकळेपणाने बोलू लागे. आणि भावंड सांभाळणाऱ्या मुलीचे काय? तिच्यासाठी पाळणाघर निघाले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आल्या. या योजनेस त्यांनी विकासवाडी म्हटले. तान्हे पाळणाघरात निजले की मोठ्या बहिणीचे हात पाटीसाठी मोकळे होत, आणि भावंड जवळच असल्याने तिचा जीवही टांगणीला लागत नसे.

१९६२ मध्ये भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण हा किताब दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, आणि तिच्या गावोगावच्या केंद्रांना अंगणवाडी म्हणू लागले. हे ऐकायला ताराबाई नव्हत्या, अनुताई होत्या. त्यांनी १९९२ पर्यंत, म्हणजे आपल्या मृत्यूपर्यंत, कोसबादची टेकडी सोडली नाही.