पायांना बळ देणारी आई

अचलपूर असो की बाळापूर, आपल्या वऱ्हाडातील कोणत्याही मोठ्या गावात एखादे काका किंवा मावशी गुडघ्यावर हात टेकून चालताना तुम्ही पाहिले असेल. त्यांच्यापैकी कित्येकांना लहानपणी पोलिओ झाला होता. दोन-चार दिवस ताप येई आणि अंगणात धावणारे मूल अंथरुणाला खिळे. ताप उतरे, पण पाय लुळा पडलेला असे. त्या काळी अशा मुलाचे आईवडील बहुधा नशिबाला दोष देऊन गप्प बसत. मूल घराच्या कोपऱ्यात वाढे. शाळा त्याच्यासाठी नाहीच, असे सगळे धरून चालत.

मुंबईच्या एका आईने मात्र हे मानले नाही. तिचे नाव फातेमा इस्माईल.

फातेमाबाईंचा जन्म १९०३ साली सोबानी या सधन व्यापारी कुटुंबात झाला. त्यांचे बंधू उमर सोबानी गिरणीमालक असूनही स्वातंत्र्याच्या चळवळीत होते. १९२१ साली गांधीजींनी परळला विदेशी कापडाची मोठी होळी पेटवली, ती उमर सोबानी यांच्याच गिरणीच्या आवारात. देशासाठी झीज सोसण्याचे संस्कार फातेमाबाईंना असे घरातूनच मिळाले. डॉक्टर व्हावे म्हणून त्या तरुणपणी व्हिएन्ना शहरी गेल्या होत्या, परंतु शिक्षण अपुरे सोडून त्यांना परत यावे लागले. पुढे लग्न झाले. त्या संसारात आणि स्त्रियांच्या संघटनांच्या कामात रमल्या.

अशातच त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. तेव्हा या रोगावर लस निघालेली नव्हती. गेलेली ताकद परत आणणारे औषधही नव्हते. फातेमाबाई मुलीला घेऊन मद्रासला गेल्या. तेथील नामवंत अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. किणी यांनी तिच्यावर उपचार केले आणि तिच्यात सुधारणा दिसू लागली. नंतर त्यांनी तिला पुण्याला नेले. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांना तेथील लष्करी केंद्रात व्यायामाने पुन्हा उभे करीत असत. तेच उपचार या मुलीलाही मिळाले.

या काळात फातेमाबाईंना एक गोष्ट कळून चुकली. लुळा पाय म्हणजे मेलेला पाय नव्हे. पोलिओचे विषाणू पाठीच्या कण्यातील मज्जापेशींवर हल्ला करतात. त्यामुळे स्नायूंना हालचालीचा हुकूम पोहोचत नाही. पण सगळ्याच पेशी मरत नाहीत. काही स्नायू पूर्ण निकामी होतात, काही अर्धे आणि काही अगदी थोडे. अर्ध्या स्नायूला व्यायाम मिळाला तर तो बळकट होतो. तो तसाच पडू दिला तर सांधे आखडतात आणि पाय वाकडा होतो. म्हणून उपचाराआधी नीट तपासणी हवी.

ही तपासणी समजायला अवघड नाही. एकेका स्नायूला शून्य ते पाच असे गुण देतात. स्नायू मुळीच आकसत नसेल तर शून्य. नुसता थरथरला तर एक. पाय उचलता येत नाही, पण अंथरुणावर आडवा सरकवता येतो, तर दोन. पाय वर उचलता आला तर तीन. थोडे दाबून धरले तरी उचलता आला तर चार आणि निरोगी माणसासारखा असेल तर पाच. काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात. एकाचे दोन झाले तरी ती प्रगतीच असते.

आपल्या मुलीला हे सारे मिळाले, पण गरिबांच्या मुलांना कोण देणार? हा प्रश्न फातेमाबाईंना स्वस्थ बसू देईना. त्यांनी डॉक्टरांच्या भेटी घेतल्या, जागेसाठी खेटे घातले. डॉ. बालिगा यांनी त्यांना आपली जागा दिली आणि १९४७ साली, देश स्वतंत्र होण्याच्या सुमारास, मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी उपचार केंद्र सुरू झाले. त्यातूनच अशा मुलांच्या पुनर्वसनासाठी एक संस्था उभी राहिली. पुढे या संस्थेने हाजीअलीजवळ मुलांचे अस्थिरुग्णालय बांधले. मुलाचा पाय जेवढा महत्त्वाचा तेवढेच त्याचे शिक्षणही महत्त्वाचे, हे ओळखून शिकवण्याचीही सोय झाली. जे मूल कोपऱ्यात बसून राहिले असते, ते पाटीपुस्तक घेऊन बसू लागले.

या कार्याबद्दल भारत सरकारने १९५८ साली फातेमाबाईंना पद्मश्री दिली. १९७८ साली राष्ट्रपतींनी त्यांची राज्यसभेवर नेमणूक केली. १९८७ साली त्यांचे निधन झाले.

त्यानंतर मोठा बदल घडला. १९९५ पासून देशभर पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली आणि घरोघरच्या बाळांना लसीचे थेंब मिळू लागले. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त ठरला.

तरीही हालचालीला अडथळा आणणारे इतर आजार उरलेच आहेत. कुणाला जन्माच्या वेळी मेंदूला इजा होते, कुणाचे पाऊल जन्मतःच वळलेले असते, कुणाचे स्नायू हळूहळू क्षीण होतात. अशा मुलांची तपासणी आजही त्याच दृष्टीने करतात. मूल आधाराशिवाय बसते का? किती पावले चालते? जिना कसा चढते? काठी किंवा कुबडी दिली तर अंतर वाढते का? त्याची तुलना दुसऱ्या मुलाशी करण्यापेक्षा त्याच्या स्वतःच्या मागच्या तपासणीशी करतात.

तुमच्या वर्गात असा मित्र किंवा मैत्रीण असेल तर त्याला काय जमत नाही, हे मोजत बसू नका. त्याला काय जमते, ते आधी पाहा. फातेमाबाईंच्या कामाची सुरुवात अशा पाहण्यातूनच झाली होती.