कुलीन घरातून रंगभूमीवर : साधना बोस

विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या देशात अभिनय व नृत्य या कला कुलीन स्त्रियांस वर्ज्य मानल्या जात. महाराष्ट्राच्या रंगभूमीवर स्त्रीभूमिका बहुधा पुरुषच करीत. बंगालमध्ये १८७३ पासून स्त्रिया रंगभूमीवर येऊ लागल्या होत्या खऱ्या, परंतु त्या प्रायः गणिकांच्या वस्तीतून आलेल्या असत. प्रतिष्ठित घरातील कन्येने पायी घुंगरू बांधावे, ही कल्पनाच लोकांस सहन होत नसे. अशा काळी ज्या मोजक्या स्त्रियांनी ही वाट चोखाळली, त्यांत साधना बोस यांचे नाव आदराने घ्यावे लागते.

साधनादेवींचा जन्म १९१४ साली झाला. ब्राह्मसमाजाचे थोर पुढारी केशवचंद्र सेन हे त्यांचे पितामह होत. केशवचंद्रांच्या १८६४ च्या मुंबईभेटीने आपल्याकडील सुधारकांस स्फूर्ती मिळाली व १८६७ साली प्रार्थनासमाजाची स्थापना झाली, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. वडील सरलचंद्र सेन हे बॅरिस्टर. भगिनी नीलिना यांनी पुढे नैनादेवी या नावाने ठुमरीगायनात कीर्ती संपादन केली. नाच ही त्याज्य गोष्ट होय, असे त्या काळचे बहुतेक सुधारकही समजत. त्यातच सुधारकाच्या घरातून या दोघी कलेकडे वळल्या, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

साधनादेवींनी कथक व मणिपुरी नृत्याचे रीतसर शिक्षण घेतले. त्यांचा विवाह नाट्यदिग्दर्शक मधू बोस यांच्याशी झाला. मयूरभंज संस्थानातील लोखंडाच्या साठ्याकडे टाटांचे लक्ष वेधणारे भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांचे हे चिरंजीव. सुशिक्षित घरांतील हौशी तरुण-तरुणींना एकत्र आणून त्यांनी नाट्यमंडळी उभारली होती. या मंडळींनी क्षीरोदप्रसाद विद्याविनोद यांचे 'अलीबाबा' हे नाटक रंगभूमीवर आणले, व १९३७ साली त्याचा चित्रपट झाला. त्यातील मर्जिनाच्या भूमिकेने साधनादेवी बंगालमध्ये घरोघरी परिचित झाल्या. अब्दल्लाची भूमिका स्वतः मधू बोस यांनी केली होती.

पुढे त्या मुंबईस आल्या. १९४० साली सागर मूव्हिटोनचा 'कुमकुम' निघाला. १९४१ साली वाडिया मूव्हिटोनने 'राजनर्तकी' हा चित्रपट बंगाली, हिंदी व इंग्रजी अशा तिन्ही भाषांत काढला. मणिपूरच्या दरबारातील नर्तकी आणि राजपुत्र यांच्या प्रेमाची ही कथा; हिंदीत राजपुत्राच्या भूमिकेत पृथ्वीराज कपूर होते. मुंबईच्या चित्रपटांत नाच म्हणजे कथानकाला लावलेले ठिगळ असण्याचा तो काळ. साधनादेवींनी नृत्यालाच कथेचे अंतःकरण केले. १९४३ साली रणजित मूव्हिटोनचे 'शंकर पार्वती' व 'विषकन्या' हे त्यांचे चित्रपट प्रकाशित झाले. त्याच वर्षी बंगालमध्ये भीषण दुष्काळाने लक्षावधी माणसे मृत्युमुखी पडली. साधनादेवींनी 'भूख' ही नृत्यनाटिका रंगभूमीवर सादर करून देवदेवतांच्या व राजदरबारांच्या कथांत रमलेल्या नृत्यकलेस उपाशी माणसाची व्यथाही सांगता येते, हे दाखवून दिले.

परंतु वैभवाचा काळ अल्प ठरला. स्वातंत्र्यानंतर भूमिका विरळ होत गेल्या, आर्थिक अडचणी वाढल्या. १९६९ साली मधू बोस निवर्तले. एके काळी जिच्या नावावर चित्रपटगृहे भरत, त्या कलावतीचे अखेरचे दिवस विपन्नावस्थेत गेले. १९७३ साली त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

आज आपल्या घरोघरीच्या मुली कथक व भरतनाट्यम् शिकतात, स्नेहसंमेलनांत नाचतात, आणि आईवडील पहिल्या रांगेत बसून कौतुकाने टाळ्या वाजवितात. ही मोकळीक आपोआप आलेली नाही. साधनादेवींसारख्यांनी लोकनिंदा सोसून ती मिळवून दिली. त्या कला जोपासीत असता समाजाने त्यांना प्रथम नावे ठेवली, मग डोक्यावर घेतले, आणि शेवटी विसरून टाकले. यांतले पहिले पाप आपण बहुतांशी सोडले आहे. तिसरे मात्र अद्याप सुटलेले नाही. आपापल्या गावातील एखादा वृद्ध नट, एखादी वृद्ध गायिका वा नर्तकी आज कोणत्या स्थितीत दिवस कंठीत आहे, याची विचारपूस प्रत्येक कुटुंबाने केली, तर साधनादेवींचे खरे स्मरण केल्यासारखे होईल.