स्वातंत्र्यकवी गोविंद

स्वातंत्र्यलढ्याचे स्मरण करताना नेत्यांची नावे सहज ओठांवर येतात. परंतु ज्यांच्या शब्दांनी तरुणांची मने पेटविली, त्यांचे विस्मरण फार लवकर होते. नाशिकचे गोविंद त्र्यंबक दरेकर, अर्थात स्वातंत्र्यकवी गोविंद, हे अशांपैकीच एक होत.

त्यांचा जन्म १८७४ सालचा. घरची गरिबी, शिक्षण जेमतेम आणि त्यातच लहानपणीच्या आजाराने दोन्ही पाय कायमचे अधू झालेले. प्रारंभी ते लावण्या रचीत. पुढे १९०० साली नाशिकमध्ये सावरकर बंधू व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मित्रमेळा’ स्थापन केला आणि या सहवासाने गोविंदांच्या प्रतिभेला नवी दिशा दिली. शृंगार मागे पडला. शिवछत्रपतींचा पराक्रम आणि पारतंत्र्याची चीड त्यांच्या पोवाड्यांतून व पदांतून प्रकट होऊ लागली. मेळ्यांतून गायिली जाणारी ही पदे निरक्षर माणसाच्याही अंतःकरणाला भिडत. मित्रमेळ्याचेच रूपांतर १९०४ साली ‘अभिनव भारत’ या क्रांतिकारी संघटनेत झाले.

या कवितांचे सामर्थ्य परकीय सरकारने अचूक ओळखले. त्या पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्याबद्दल बाबाराव सावरकरांवर राजद्रोहाचा व राजाविरुद्ध युद्धास चिथावणी दिल्याचा खटला भरण्यात आला. पुस्तकातील अठरांपैकी चार कविता आक्षेपार्ह ठरल्या. जून १९०९ मध्ये बाबारावांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, मालमत्ता जप्त करण्याचा हुकूम निघाला. त्यांची मुक्तता व्हावयास १९२२ साल उजाडले.

जामीन राहणे म्हणजे काय, हे आपल्या व्यापारी समाजाला वेगळे सांगावयास नको. येथे शब्द एकाचे होते आणि त्यांची किंमत दुसऱ्याने आयुष्यातील तेरा वर्षे देऊन चुकविली. शब्दाला इतके मोल असते, हे जाणूनच तो उच्चारावा, हा या चरित्राचा बोध होय.

गोविंदांनी १९२६ साली देह ठेवला. मृत्यूचे भय न बाळगता, जीर्ण देह टाकून नवे रूप धारण करण्याच्या आनंदाने त्यांनी लिहिलेली ‘सुंदर मी होणार’ ही कविता रसिकांच्या स्मरणात आहे. पु. ल. देशपांडे यांनी आपल्या नाटकाला तेच नाव दिले. स्वातंत्र्याचा सूर्योदय मात्र कवीने पाहिला नाही. तो त्यांच्यामागे एकवीस वर्षांनी झाला.

पायांनी चार पावले चालणे ज्यांना अशक्य होते, त्यांनी एका पिढीला चालते केले. त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.