चित्रकार रने माग्रीत

सन १९२७ च्या एप्रिल महिन्यात ब्रुसेल्स येथील ल सांतोर नावाच्या चित्रदालनात रने माग्रीत या २८ वर्षांच्या चित्रकाराचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले. ब्रुसेल्स ही बेल्जमची राजधानी. तेथील रसिकांना चित्रकलेचे वावडे नव्हते. परंतु ही चित्रे पाहून ते गोंधळले. त्या सुमाराच्या माग्रीतच्या एका चित्रात घोडेस्वार भरधाव दौडत आहे. मात्र त्याच्या भोवती झाडे नाहीत. पलंगाच्या खुरांसारखे कातीव खांब उभे आहेत आणि त्यांनाच फांद्या फुटल्या आहेत! टीकाकारांनी प्रदर्शनावर सडकून टीका केली.

माग्रीतचा जन्म २१ नोव्हेंबर १८९८ रोजी लेसीन या गावी झाला. तो तेरा वर्षांचा असताना त्याची आई सांब्र नदीत बुडून मरण पावली. पुढे त्याने ब्रुसेल्सच्या कलाशाळेत शिक्षण घेतले. १९२२ साली जॉर्जेत हिच्याशी त्याचा विवाह झाला. संसारासाठी तो भिंतींना चिकटवावयाच्या नक्षीदार कागदांच्या कारखान्यात नमुने रेखाटीत असे. अशातच द किरिको या चित्रकाराच्या एका चित्राची छापील प्रत त्याच्या दृष्टीस पडली. पुतळ्याचे मस्तक, शेजारी टांगलेला रबरी हातमोजा आणि एक चेंडू अशा वस्तू त्यात होत्या. ते पाहून माग्रीतचे डोळे पाणावले. नित्याच्या वस्तू अनपेक्षित जागी ठेवल्या, की त्या किती गूढ वाटतात, हे त्याला त्या क्षणी उमगले. स्वप्नातल्याप्रमाणे वस्तूंची अशी विलक्षण सांगड घालणाऱ्या कलेस अतिवास्तववाद म्हणतात.

प्रदर्शनानंतर तो पॅरिसजवळ जाऊन राहिला. तेथे १९२९ साली त्याने तंबाखू ओढण्याचा एक पाइप हुबेहूब रंगविला आणि खाली लिहिले, की हा पाइप नव्हे. त्याचे म्हणणे खरेच होते. चित्रातल्या पाइपात तंबाखू कोठे भरता येते?

१९३० साली तो ब्रुसेल्सला परतला, तेव्हा जगभर मंदी पसरली होती. ल सांतोरही बंद पडले. मेझेन्स नावाच्या मित्राने तेथील त्याची चित्रे विकत घेतली. उदरनिर्वाहासाठी माग्रीतने आपला भाऊ पॉल याच्यासह जाहिराती रंगविण्यास प्रारंभ केला. हे काम त्याला मुळीच रुचत नसे. परंतु लोकांना आवडावी म्हणून त्याने आपली चित्रे सरळ केली नाहीत! जेत भागातील लहानशा घरात, जेवणाच्या खोलीत, तो नीटनेटका पोशाख करून चित्रे काढी. १९३८ च्या एका चित्रात दिवाणखान्यातील शेकोटीच्या कोनाड्यातून आगगाडीचे इंजिन धूर सोडीत बाहेर येते.

१९५३ साली त्याने काळे कोट व गोल टोप्या घातलेली असंख्य माणसे घरांसमोर अधांतरी रंगविली. ती पावसासारखी कोसळत आहेत, वर चढत आहेत की नुसती तरंगत आहेत, हे सांगता येत नाही. या चित्राचे नाव गोवळकोंडा! हिऱ्यांसाठी जगप्रसिद्ध असलेल्या आपल्या दक्षिणेतील किल्ल्याचे हे नाव स्क्युतनेर या कविमित्राने सुचविले होते.

१९६५ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने त्याच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरविले. त्यासाठी तो प्रथमच अमेरिकेस गेला. १५ ऑगस्ट १९६७ रोजी तो निवर्तला. १९९९ साली जेत येथील त्याच्या घराचे संग्रहालय झाले. चित्रांतून भेटलेली खिडकी, जिना आणि ती शेकोटी तेथे पाहुण्यांना ओळखू येतात.