राष्ट्राला बंधुतेचा पाया देणारे बाबासाहेब



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघत आहे, त्यात बाबासाहेबांच्या जीवनावर काही लिहा, असे मंडळींनी सांगितले. मी गिरणी कामगार माणूस. कॉलेजची पायरी चढलो नाही. पाळी सुटल्यावर जे वाचले तेवढीच माझी शिदोरी. बाबासाहेबांचे चरित्र तर आपल्या घराघरात लेकरांनाही पाठ आहे. म्हणून आज ते एकाच अंगाने सांगतो. कोणताही देश एका विचारावर उभा असतो. आपल्या देशाला तो विचार कसा मिळाला आणि त्यात बाबासाहेबांचा वाटा कोणता, एवढेच पाहू.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजी आणि भीमाबाई यांच्या पोटी भीमरावांचा जन्म झाला. शाळेत वेगळे बसणे, पाणी कोणी वरून ओतले तरच पिणे, हे त्यांच्या वाट्याला आले. १९०७ साली मॅट्रिक, १९१२ साली बी.ए. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले, नंतर लंडनला. एवढ्या पदव्या घेऊन परत आले, तरी बडोद्यात नोकरी करताना त्यांना राहायला जागा मिळेना. तेव्हा त्यांच्या ध्यानात आले असेल की, या देशात माणूस शिकला तरी शेजारी होत नाही.

२० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले. ती लढाई पाण्यापेक्षा मोठी होती. आम्हीही तुमच्यासारखीच माणसे आहोत, हे सांगण्याची ती लढाई होती.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो. मुंबईच्या गिरण्यांत त्या काळी साचेखात्यात, म्हणजे विणाईत, आपल्या माणसांना घेत नसत. का? तर धोट्यात नवी कांडी भरली की सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा दुसरे कामगार हातात धरायला तयार नसत. पगार जास्त होता तो त्याच खात्यात! मालक एक, भोंगा एक, पण कामगार मात्र एक नाही. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. कामगारांची एकजूट म्हणता, मग आधी हा विटाळ काढा, असा त्यांचा रोख होता. पुढे १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात १९४२ ते १९४६ मजूरमंत्री असताना कारखान्यातले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणण्याचे बिल त्यांनीच मांडले. आज आठ तासांनी भोंगा होतो तेव्हा त्याची आठवण ठेवा.

१९३६ च्या त्यांच्या ‘जातिनिर्मूलन’ या भाषणात (ते भाषण त्यांना करूच दिले नाही, म्हणून छापावे लागले) त्यांनी आपला आदर्श समाज सांगितला आहे. तो स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या तीन गोष्टींवर उभा आहे.

मग संविधान सभा आली. १३ डिसेंबर १९४६ ला पंडित नेहरूंनी ध्येयांचा ठराव मांडला. त्यात न्याय होता, समता होती, स्वातंत्र्य होते. बंधुता हा शब्द नव्हता. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. फेब्रुवारी १९४८ मध्ये मसुदा तयार झाला तेव्हा सरनाम्यात बंधुतेची भर पडलेली होती. बंधुतेची आज जितकी गरज आहे तितकी कधीच नव्हती, असे समितीने कारण दिले. फाळणीचे रक्त तेव्हा वाळले नव्हते.

त्याच सुमारास आणखी एक देश स्वतंत्र होत होता. तो म्हणजे इंडोनेशिया, जिथल्या जावा बेटावर बोरोबुदूरचा महान स्तूप आहे. तिथे १ जून १९४५ रोजी सुकार्णो यांनी राष्ट्राचा पाया म्हणून पाच तत्त्वे मांडली आणि नाव दिले पंचशील! शब्द आपलाच, अर्थ वेगळा. एका ईश्वरावर श्रद्धा, माणुसकी, देशाची एकता, विचारविनिमयाची लोकशाही आणि सामाजिक न्याय, अशी ती पाच. हजारो बेटांच्या, अनेक धर्मांच्या देशाला त्यांनी बांधून ठेवले, हे मान्य केले पाहिजे. पण सुहार्तो यांच्या राजवटीत १९७८ पासून त्याचे सक्तीचे वर्ग सुरू झाले, १९८५ च्या कायद्याने प्रत्येक संघटनेला तोच एक पाया मानावा लागला. पहिले तत्त्व ईश्वराचे, म्हणून तिथल्या बौद्धांनाही आपला ईश्वर दाखवणे भाग पडले. भिक्खू आशिन जिनरक्खित यांनी ‘आदिबुद्ध’ हे नाव पुढे केले. ज्या तथागतांनी ईश्वराच्या भरवशावर धम्म उभा केला नाही, त्यांच्या अनुयायांवर ही वेळ! १९९८ मध्ये सुहार्तो गेले, सक्तीचे वर्गही गेले.

आपल्याकडेही सरनाम्याची सुरुवात ईश्वराच्या नावाने करावी, अशी सूचना १७ ऑक्टोबर १९४९ ला आली होती. मतदान झाले. ४१ बाजूने, ६८ विरुद्ध. सरनामा ‘आम्ही भारताचे लोक’ यांच्याच नावाने राहिला. म्हणून आज आपण विहारात बसतो, शेजारी देवळात जातो, मशिदीत जातो, आणि कोणालाही आपला देव सरकारला दाखवावा लागत नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावले की राजकारणात समता आली तरी सामाजिक जीवनात विषमता राहणार आहे. हजारो जातींत वाटलेले लोक राष्ट्र कसे होतील, असा त्यांचा सवाल होता. दुसऱ्या दिवशी संविधान स्वीकारले गेले.

१९५४ मध्ये चीनशी पंचशीलाचा करार झाला तेव्हा राज्यसभेत त्यांनी त्यावर टीका केली. पंचशील हा बुद्धधम्माचा भाग आहे, आणि माओंचा त्यावर विश्वास असता तर स्वतःच्या देशातल्या बौद्धांना त्यांनी वेगळे वागवले असते, असा त्यांचा मुद्दा होता. म्हणजे शील तोंडी नको, वागण्यात पाहिजे. त्याच वर्षी आकाशवाणीवर त्यांनी सांगितले की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून घेतली नाहीत, ती बुद्धांच्या शिकवणीतून घेतली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंसह धम्मदीक्षा घेऊन त्यांनी ते करून दाखवले. ६ डिसेंबर १९५६ ला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आता आपलं काय? शाळेत लेकरं सरनामा म्हणतात, चांगलं आहे. पण नुसतं म्हणून होत नाही, हे इंडोनेशियाच्या वर्गांनी दाखवलं. माझ्या बाजूच्या साच्यावर एका दोस्ताने वीस वर्षं काम केलं. माझ्या आजारपणात तो दवाखान्यात रात्रभर बसला, पण घरी जेवायला ये म्हटलं की दरवेळी त्याला काही ना काही काम निघायचं. मला राग यायचा. मग एक दिवस विचार केला, आपणही आपल्यातल्याच दुसऱ्या पोटजातीत सोयरीक करताना किती वेळ मागे-पुढे पाहतो? एका वस्तीत दोन गट, दोन वर्गण्या, जयंतीच्या दोन मिरवणुका कशासाठी?

कायदा समता देऊ शकतो. बंधुता तेवढी आपल्यालाच द्यावी लागते. बाबासाहेबांनी तो शब्द सरनाम्यात लिहून ठेवला. तो आपल्या चुलीपर्यंत, सोयरिकीपर्यंत आणायचं काम आपलं आहे. येत्या वर्षात आपल्या लोहाऱ्यात एवढं तरी ठरवू की वस्तीची मिरवणूक एक निघेल, आणि विहाराच्या भोजनदानाला शेजारच्या प्रत्येक समाजाच्या एका घराला आवर्जून बोलावू. कोणी येईल, कोणी येणार नाही. बोलावणं आपल्याकडून चुकता कामा नये.

जय भीम! नमो बुद्धाय!