सायकलच्या दुकानापासून किर्लोस्करवाडीपर्यंत

मुलांनो, आपल्या वर्गातल्या कितीतरी जणांच्या आईबाबांचा स्वतःचा छोटा व्यवसाय आहे. कोणाचे टॅक्सचे ऑफिस, कोणाचे किराणा दुकान, कोणाची चार माणसांची सॉफ्टवेअर कंपनी. रात्रीच्या जेवणाच्या वेळी तुमच्या कानावर पडतच असेल : गिऱ्हाईकाचे पैसे आले नाहीत, चांगला माणूस काम सोडून गेला, जागेचे भाडे वाढले, दिवसभर राबूनही काम पुढे सरकले नाही. आम्हां मोठ्यांना वाटते की अशा अडचणी फक्त आपल्याच वाट्याला येतात. म्हणून या अंकात लक्ष्मणराव किर्लोस्कर यांची गोष्ट सांगत आहोत. त्यांच्या वाट्याला यातली बहुतेक सगळी संकटे आली होती, आणि तीही अशा काळात जेव्हा आपल्याकडे कारखाना कसा चालवायचा हे शिकवणारे जवळजवळ कोणी नव्हते.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी झाला. हा भाग आज कर्नाटकात आहे. लहानपणी त्यांचे लक्ष पाठांतरात नव्हते. त्यांना आवड होती चित्रे काढण्याची आणि यंत्रे खोलून पाहण्याची. थोरले बंधू रामूअण्णा यांच्या पाठिंब्याने ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. तिथेच पहिली अडचण आली. त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतला फरक नीट ओळखता येत नाही, असे लक्षात आले. चित्रकाराला याहून मोठे संकट कोणते? ही अडचण मेहनतीने दूर होणारी नव्हती. लक्ष्मणरावांनी रंग बाजूला ठेवले, पण रेघ सोडली नाही. ते यंत्रांची रेखाचित्रे काढायला शिकले आणि त्याच विद्येवर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले.

याच सुमारास, १८८८ मध्ये, दोघा भावांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत आणि रामूअण्णा त्या विकत. त्या काळी सायकल ही मोठी चैनीची वस्तू होती आणि ती चालवायला शिकवावेही लागे. पुढे कॉलेजात बढतीची वेळ आली तेव्हा ती लक्ष्मणरावांना न मिळता एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. परक्या राज्यात असे व्हायचेच, असे म्हणून ते गप्प बसू शकले असते. त्यांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले.

सायकलींच्या दुकानाला दुरुस्तीच्या कामाची जोड होतीच. लक्ष्मणराव अमेरिकेतून येणारी यंत्रविद्येची मासिके मन लावून वाचत. चित्रे पाहून यंत्र कसे चालत असेल याचा विचार करत. त्यातूनच कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले, आणि त्यानंतर लोखंडी नांगर.

आता खरी कसोटी लागली. शेतकरी पिढ्यान् पिढ्या लाकडी नांगर वापरत होते. लोखंडामुळे जमीन विषारी होईल, अशी भीती पुष्कळांना वाटत होती. पहिले नांगर विकायला सुमारे दोन वर्षे लागली. विचार करा, माल तयार आहे, कामगारांना पगार द्यायचा आहे, आणि गिऱ्हाईक फिरकत नाही! आमच्यापैकी बहुतेकांनी सहा महिन्यांतच गाशा गुंडाळला असता. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला अडाणी म्हटले नाही. ते त्याचे म्हणणे ऐकत राहिले. विषाची भीती खोटी होती, ती शेतात नांगर चालवून दाखवूनच जाणार होती. पण नांगराचा फाळ, म्हणजे जमिनीत घुसणारे टोक, विलायती नांगराइतके टणक नाही ही तक्रार मात्र खरी होती. ती ऐकल्यावर त्यांनी ओतकामात पुन्हा पुन्हा प्रयोग केले आणि फाळ टणक केला. मग नांगर खपू लागले.

इतक्यात नवे संकट आले. बेळगावच्या नगरपालिकेला गावाच्या वाढीसाठी जागा हवी होती, आणि कारखाना हलवावा लागला. वय चाळिशीचे, संसार मोठा, यंत्रे ठेवायला जागा नाही. अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी हात दिला. आधी औंधच्या देवळाच्या सभामंडपाचे काम दिले. मग कुंडल स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. ही जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेला, सापांचा सुळसुळाट असलेला माळ होता. १० मार्च १९१० रोजी तिथे कारखान्याची वस्ती सुरू झाली. तीच किर्लोस्करवाडी.

पालकांनी इथे क्षणभर थांबावे असे आम्हांला वाटते. स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलेला माणूस, असे आपण सहज म्हणून जातो. पण लक्ष्मणरावांच्या पाठीशी थोरला भाऊ होता, एक समजदार राजा होता, आणि माळरानावर बायकामुलांसह राहायला आलेले कामगार होते. त्यांनी मदत संकोच न करता घेतली आणि कामाने तिचे चीज केले. इथे परदेशात आपल्यापैकी कित्येक जण धंद्यातली अडचण मित्रांपासूनही लपवतात. तसे करू नये, एवढेच आमचे म्हणणे.

वाडीवरही अडचणी संपल्या नाहीत. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशी लोखंड मिळेनासे झाले. लोखंडाशिवाय नांगर कसा होणार? तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या, निकामी तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर ओतले गेले.

माणसांच्या बाबतीतही लक्ष्मणराव असेच वागले. तयार कारागीर मिळत नव्हते, म्हणून आसपासच्या खेड्यांतली मुले त्यांनी हाताशी धरून तयार केली. ज्यांनी तुरुंगवास भोगला होता त्यांना वाडीच्या पहाऱ्यावर ठेवले. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा नियम केला. दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या माणसात त्यांना कामाचा माणूस दिसे. रंग न ओळखणारी ती नजर माणसे मात्र बरोबर ओळखत होती.

त्यांचे चिरंजीव शंतनुराव आपल्या या अमेरिकेतच, मॅसेच्युसेट्समधल्या एमआयटीत शिकले आणि १९२६ मध्ये यांत्रिक इंजिनिअर होऊन परत गेले. ज्या देशाची मासिके वडिलांनी बेळगावात बसून वाचली, तिथे मुलगा शिकून आला. पुढे नांगरांच्या जोडीला पंप आणि इंजिने आली. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले.

आम्ही इंजिनिअर लोक बिघाड झाला की आधी विचारतो : हा कशामुळे झाला? लक्ष्मणरावांनी आयुष्यभर हेच केले. डोळ्यांचा दोष बदलणार नव्हता, म्हणून त्यांनी काम बदलले. फाळाचा दोष बदलता येणार होता, म्हणून फाळ बदलला. बढती कोणाला द्यायची हे त्यांच्या हातात नव्हते, म्हणून तिथे हुज्जत घालत वर्षे घालवली नाहीत. कुठे चिकटून राहायचे आणि कुठे वाट बदलायची, हे ओळखणे सोपे नाही. आम्हांलाही ते रोज जमते असे नाही.

मुलांनो, आता तुमच्यासाठी गृहपाठ. भारतात आजीआजोबांना फोन कराल तेव्हा त्यांना विचारा, आपल्या शेतात किंवा विहिरीवर किर्लोस्करांचे एखादे यंत्र होते का? ते काय सांगतात ते मराठीत पाच ओळींत लिहून आणा. आणि पुण्याहून मिरजेला रेल्वेने जायचा योग आला, तर खिडकीशी बसा. वाटेत एका स्टेशनाच्या पाटीवर किर्लोस्करवाडी हे नाव वाचायला मिळेल. ते तुम्ही स्वतः वाचा, आईबाबांना वाचून दाखवायला सांगू नका!