हेलेन शेर्फबेक

हेलेन शेर्फबेक (१० जुलै, १८६२ – २३ जानेवारी, १९४६) या फिनलंडमधील चित्रकार होत्या. आत्मचित्रे, व्यक्तिचित्रे आणि स्थिरवस्तुचित्रे यांसाठी त्या ओळखल्या जातात. त्यांची सुमारे ४० आत्मचित्रे तारुण्यापासून अखेरच्या आजारापर्यंतचा काळ व्यापतात. वास्तववादी शैलीपासून सुरुवात करून त्यांनी चित्रातील तपशील क्रमाक्रमाने गाळत नेला.

प्रारंभिक जीवन

शेर्फबेक यांचा जन्म हेलसिंकी येथे एका स्वीडिश भाषक कुटुंबात झाला. फिनलंड त्या वेळी रशियन साम्राज्याचा भाग होता. वयाच्या चौथ्या वर्षी जिन्यावरून पडल्याने त्यांच्या खुब्याला दुखापत झाली व त्या जन्मभर लंगडत चालत. त्यामुळे त्यांचे प्राथमिक शिक्षण घरीच झाले. चित्रकलेतील असामान्य गती पाहून ११व्या वर्षीच त्यांना फिनिश कलासंघाच्या चित्रशाळेत प्रवेश मिळाला. १८७६ मध्ये त्यांच्या वडिलांचे क्षयरोगाने निधन झाले.

परदेशातील वर्षे

१८८० मध्ये प्रवासवृत्ती मिळाल्यावर त्या पॅरिसला गेल्या आणि तेथील कोलारोसी अकादमीत शिकल्या. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात त्यांनी काढलेली काही चित्रे निर्मनुष्य आहेत. 'दार' (१८८४) या चित्रात बंद दरवाजा व त्याच्या फटीतून येणारा उजेड एवढेच दिसते. याच काळात एका इंग्रज चित्रकाराशी झालेला त्यांचा वाङ्‌निश्चय मोडला. त्यासंबंधीची पत्रे नष्ट करण्यास त्यांनी मैत्रिणींना सांगितले. परिणामी त्या चित्रकाराचे नाव अज्ञातच राहिले.

इंग्लंडमधील सेंट आइव्ह्‌ज येथे रंगविलेल्या 'आजारातून उठलेली' (१८८८) या चित्राला १८८९ च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात कांस्यपदक मिळाले.

ह्युविंका येथील वास्तव्य

१८९० च्या दशकात शेर्फबेक यांनी हेलसिंकीच्या चित्रशाळेत अध्यापन केले. प्रकृतीच्या कारणास्तव १९०२ मध्ये ते काम सोडून त्या आईसह ह्युविंका या लहान गावी राहू लागल्या. आई, शेजारच्या स्त्रिया आणि घरातील वस्तू हेच त्यांचे चित्रविषय झाले. १९१३ मध्ये कलाविक्रेते यॉस्टा स्टेनमन यांनी त्यांच्या चित्रांची दखल घेतली व १९१७ मध्ये त्यांचे पहिले एकल प्रदर्शन भरले. त्याच वर्षी वनाधिकारी व चित्रकार आयनार रॉयटर यांनी त्यांचे चरित्र टोपणनावाने प्रसिद्ध केले. रॉयटर यांच्याविषयी शेर्फबेक यांच्या मनात उत्कट जिव्हाळा होता. १९१९ मध्ये रॉयटर यांचा दुसऱ्या स्त्रीशी वाङ्‌निश्चय झाल्याचा त्यांना मोठा आघात बसला. मैत्री मात्र अखेरपर्यंत टिकली.

आत्मचित्रे व स्थिरवस्तुचित्रे

फिनिश कलासंघाने १९१४ मध्ये आपल्या सभागृहासाठी काही चित्रकारांकडून आत्मचित्रे मागविली. त्यांत शेर्फबेक या एकमेव स्त्री होत्या. त्यातून साकारलेल्या 'काळ्या पार्श्वभूमीवरील आत्मचित्र' (१९१५) या चित्रात चेहऱ्यामागे त्यांच्या नावाची अक्षरे शिळेवर कोरल्यासारखी दिसतात. १९२१ च्या एका अपूर्ण आत्मचित्रात चेहराच खरवडलेला आहे. रंगाचा थर देणे, तो खरवडणे व कॅनव्हासचा पोत उघडा ठेवणे ही त्यांची नेहमीची पद्धत होती.

स्थिरवस्तुचित्रांतही हीच दृष्टी आढळते. 'लाल सफरचंदे' (१९१५) मधील टवटवीत फळांच्या जागी १९४४ मधील एका चित्रात काळवंडत चाललेली सफरचंदे येतात. फळांच्या ऱ्हासाचे हे चित्रण त्याच सुमाराच्या आत्मचित्रांशी जवळचे नाते सांगते.

अखेरची वर्षे

१९२३ मध्ये आईच्या निधनानंतर शेर्फबेक १९२५ मध्ये तामिसारी येथे राहण्यास गेल्या. युद्धामुळे १९४४ मध्ये त्या स्वीडनमधील साल्टशोबाडेन येथील हॉटेलात आल्या. आयुष्याच्या शेवटच्या दोन वर्षांत त्यांनी सुमारे २० आत्मचित्रे काढली. त्यांत केस, वस्त्रे व पार्श्वभूमी जवळजवळ लोप पावतात. उरतात ते डोळ्यांच्या खोबणी, उघडे तोंड आणि कवटीची बाह्यरेषा. वार्धक्य सौम्य करून दाखविण्याचा प्रयत्न त्यांत नाही. साल्टशोबाडेन येथेच वयाच्या ८३व्या वर्षी त्यांचे निधन झाले. हेलसिंकीतील हिएतानिएमी दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

वारसा

शेर्फबेक यांची अनेक महत्त्वाची चित्रे हेलसिंकीच्या आतेनेउम कलासंग्रहालयात आहेत. फिनलंडमध्ये त्यांचा जन्मदिवस चित्रकला दिन म्हणून पाळला जातो. २०१९ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीत त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले होते.